'हुकूमत' म्हणजे नेमकं काय? मालकाचं ऐकतात, पोराचं का ऐकत नाहीत?



परवाच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेलो, "दुकानात मालकाची हुकूमत पाहिजे." वाक्य ऐकायला बरं वाटतं, म्हणून आम्ही शिकवणारे लोक ते सर्रास वापरतो. पण शनिवारच्या वर्गात मोंढ्यातला एक तरुण उठला आणि म्हणाला, "सर, हुकूमत पाहिजे म्हणालात. पण ती येती कुठून? मी तर रोज हुकूम सोडायलोय. कुणी जागचं हलत नाही."

वर्ग हसला. तो काही हसला नाही.

त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, नाव-गाव सोडून. वडिलांचं खता-बियाण्याचं दुकान, तीस वर्षांचं. मागच्या दिवाळीनंतर वडिलांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत आहे, पण उजवा हात चालत नाही. दिवसातून दोन तास येऊन गादीवर बसतात. पोरगा पुण्यातली नोकरी सोडून परत आलाय. दुकानात जुने दिवाणजी, तीन हमाल आणि काउंटरवर एक पोरगं. मृगाच्या तोंडावर खताची गाडी लागली. यानं हमालांना सांगितलं, "आधी मागच्या गोदामात उतरवा." हमालांनी पोतं खांद्यावर घ्यायच्या आधी मान वळवून गादीकडं पाहिलं. वडिलांनी मान हलवली, मग पोती हलली. "सर, मी तिथं उभा असून नसल्यासारखाच," तो म्हणाला. वरून दिवाणजी आता म्हणायला लागलेत की हंगाम झाला की मी मोकळा होतो. दिवाणजी गेले तर तीस वर्षांची उधारी कुणाच्या डोक्यात राहणार? वही आहे, पण कोण कधी देतो, कुणाला थांबायचं आणि कुणाला टोकायचं, हे वहीत नसतं.

मी त्याला म्हणालो, पुढच्या शनिवारी सांगतो. खरं कारण असं की मला उत्तर येत नव्हतं. पंधरा वर्षं हा शब्द वापरतोय, पण त्याच्या पोटात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. तो आठवडा कोश चाळण्यात गेला. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो. धंद्याच्या वर्गात व्याकरण कशाला, असं वाटेल. जरा दम धरा.

हुकूम आधी, हुकूमत नंतर

'हुकूम' आणि 'हुकूमत' हे दोन्ही शब्द मूळ अरबी. फारसीतून, दख्खनच्या सुलतानांच्या कारभारातून ते मराठीत आले आणि घरचे झाले. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर कारभारातले फारसी-अरबी शब्द काढून संस्कृत शब्द आणावेत म्हणून रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. तरीही हुकूम काही गेला नाही. तो चावडीत राहिला, पत्त्यांच्या डावात राहिला, बायकांच्या भांडणातसुद्धा राहिला: "माझ्यावर हुकूम सोडायचा नाही!"

(लिहिताना एक लक्षात ठेवा. शब्द 'हुकूम', पण प्रत्यय लागला की 'हुकमाने', 'हुकमाचा'. पाट्यांवर 'हुकूमाने' दिसतं, ते चूक.)

आता मुद्द्याचं. अरबीत 'हुक्म' या शब्दाचा पहिला अर्थ 'आज्ञा' नाही. पहिला अर्थ आहे निवाडा. दोन बाजू ऐकून घेऊन केलेला निर्णय. याच धातूपासून 'हाकिम', म्हणजे निवाडा करणारा आणि म्हणून कारभारी. याच धातूपासून 'हकीम', म्हणजे शहाणा, आणि पुढं वैद्य. आपली 'हिकमत' हीसुद्धा याच घरची. अरबीत तिचा अर्थ शहाणपण; मराठीत ती थोडी चलाख झाली, 'हिकमती माणूस' म्हटलं की आपण खिसा सांभाळतो. हैदराबादी कारभारातला 'महकमा', म्हणजे खातं, तोही त्याच भावकीतला. हिब्रूतही याचा चुलत भाऊ आहे: 'होखमा', अर्थ पुन्हा शहाणपणच.

आणखी मागं गेलं तर अरबी कोशकार एक फार सुंदर गोष्ट सांगतात. या धातूचा जुना अर्थ 'आवरणं, रोखणं'. घोड्याच्या जबड्याभोवती लगामाचा जो भाग येतो त्याला 'हकमा' म्हणतात. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी चाबूक नाही, लगाम आहे. घोडा उधळू नये म्हणून लगाम. आज अरबी वाहिनीवर फुटबॉलचा सामना लावून बघा, पंचाला ते 'हकम' म्हणतात. मैदानात बावीस तगडे खेळाडू, आणि शिट्टी वाजवली की सगळे थांबतात. तो कुणापेक्षा ताकदवान असतो म्हणून नाही थांबत.

हे वाचलं तेव्हा मला त्या पोराच्या वडिलांची आठवण झाली. मी त्यांना ओळखतो. मोंढ्यात दोन हमालांची हातघाई झाली तरी लोक त्यांच्या गादीपुढं येऊन उभे राहायचे. शेतकऱ्याच्या बियाण्याची उगवण झाली नाही, तर ते आधी पावती बघायचे, पिशवी मागवायचे, पेरणीच्या दिवशी ओल किती होती ते विचारायचे, मग बोलायचे. कधी कंपनीच्या माणसाला बोलावून घ्यायचे, कधी शेतकऱ्यालाच सांगायचे की चूक तुझी आहे. पण सांगायचे. तीस वर्षं ते हाच उद्योग करत होते, निवाड्याचा. "पोती उतरवा" हा हुकूम त्या निवाड्यांच्या जोरावर चालत होता. पोरानं सुरुवातच शेवटच्या पायरीपासून केली.

कोर्टातला हुकूमनामा

दिवाणी कोर्टात ज्याचा दावा चालला असेल त्याला 'हुकूमनामा' माहीत असतो. आपल्या कायद्याच्या मराठीत दिवाणी दाव्याच्या अखेरीस निघणाऱ्या दस्ताला हुकूमनामाच म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिचं कलम ३३ सांगतं की दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर कोर्टानं न्यायनिर्णय द्यायचा आणि त्या न्यायनिर्णयामागून हुकूमनामा निघायचा. न्यायनिर्णय म्हणजे कारणं. आधी कारणं, मग हुकूम. कारण न देता हुकूमनामा काढला तर वरचं कोर्ट तो फिरवतं.

दुकानातही वरचं कोर्ट असतं बरं. पोराच्या बाबतीत ते गादीवर बसलं होतं.

आणि हुकूमनामा निघाला म्हणजे काम झालं असंही नाही. त्याची बजावणी करायला पुन्हा दरखास्त लावावी लागते. ज्यांनी लावली आहे त्यांना मी काय सांगणार! कागदावर हुकूम जिंकलेले पण जमिनीचा ताबा न मिळालेले लोक आपल्या तालुक्यात ढिगानं सापडतील.

पत्त्यातला हुकूम

मेंढीकोट कुणी खेळलं नाही असं घर परळीत नसेल. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक, या चार रंगांपैकी एक रंग हुकूम ठरतो. मग त्या रंगाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. का मारते? दुर्रीत काय जोर आहे? काही नाही. चौघांनी डाव सुरू व्हायच्या आधी मान्य केलेलं असतं, म्हणून मारते. पुढच्या डावात हुकूम बदलला की तीच दुर्री परत दुर्री.

'हुकमी एक्का' आपण इथूनच घेतला. 'हुकमी' म्हणजे खात्रीचं, हमखास: हुकमी औषध, हुकमी गिऱ्हाईक. माझ्या त्या तरुण मित्राची अडचण अशी की तो स्वतःला एक्का समजत होता. पदवी आहे, माती परीक्षणाचा अहवाल वाचता येतो, संगणकावर साठा चढवता येतो. सगळं खरं. पण रंग कुठला हुकूम आहे हे दुकानात कुणी जाहीरच केलेलं नव्हतं.

आजोबांची हुकूमत

आपल्या मराठवाड्यात हा शब्द जरा वेगळ्या वजनानं येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. कारभाराची भाषा उर्दू. जिल्ह्याच्या साहेबाला अव्वल तालुकदार म्हणत. शेजारचं अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होतं. माझे आजोबा 'निजामाचं राज्य' कधी म्हणाले नाहीत, 'निजामाची हुकूमत' म्हणायचे, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली जायचा. शेवटच्या दोन वर्षांतल्या रझाकारांच्या गोष्टी सांगताना तर आजी उठून दार लावून घ्यायची. दार लावायची गरज संपून तीस वर्षं झाली होती, तरी.

त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या माणसाच्या कानाला हुकूमत म्हणजे दहशत. निवाड्याचा अर्थ मागं पडला, धाक तेवढा पुढं राहिला. पुढं आपण त्याला फारसी 'शाह' जोडून 'हुकूमशहा' केला आणि शब्द आणखीच काळा झाला. दोष शब्दाचा नाही, ज्यांनी तो आपल्यावर चालवला त्यांचा आहे. पण धंद्यात बसलेली पोरं वडिलांकडून, आजोबांकडून हाच अर्थ उचलतात: मोठ्यानं बोललं की हुकूमत.

मीही तेच केलं होतं. शिकवायला लागण्याआधी माझं स्वतःचं इलेक्ट्रिकचं छोटं दुकान होतं. एक कारागीर होता, हातात कसब. एके दिवशी गिऱ्हाइकासमोर मी त्याला वाटेल ते बोललो. मोटारीचं वाइंडिंग जळालं होतं आणि मी न विचारताच चूक त्याची धरली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी हिशेब मागितला आणि गेला. नंतर कळलं की तार मीच हलक्या प्रतीची आणली होती. सहा महिन्यांनी त्यानं समोरच्या ओळीत दुकान टाकलं आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. त्या दिवशी मी हुकूम सोडला, निवाडा केला नाही.

याला आपल्याकडं 'जरब' म्हणतात. तोही अरबीच शब्द, 'जर्ब', अर्थ मार, ठोका. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर टांकसाळीच्या गावाच्या नावाआधी हाच शब्द असे: अमक्या ठिकाणी ठोकलं. कुणाच्या घरी हाली शिक्क्याची नाणी असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. जरबेचं तसंच आहे. एकदा ठोकली की छाप उठते. रोज वापरली की गुळगुळीत होते, आणि मग नवीन छाप उठवायला आधीपेक्षा जोरात ठोकावं लागतं.

दोन शब्द आणखी: अंमल आणि अखत्यार

हुकूमतीच्या शेजारी मराठीत 'अंमल' बसतो. 'पेशव्यांचा अंमल', 'इंग्रजांचा अंमल', 'अंमलदार'. मूळ अरबी 'अमल' म्हणजे काम, कृती. 'अंमलबजावणी'त तो अर्थ अजून जिवंत आहे. कामावरून सत्ता हा अर्थ आला. आणि पुढं नशा, 'अंमली पदार्थ'. सत्ता चढते हे आपल्या लोकांनी शब्दातच लिहून ठेवलंय, त्यावर वेगळा व्हिडिओ करायची गरज नाही.

पण मला खरं उत्तर सापडलं ते 'अखत्यार' या शब्दात. "हे माझ्या अखत्यारीत येत नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी ऐकलंय. मूळ शब्द 'इख्तियार', अर्थ निवड. जो स्वतः निवड करू शकतो त्याच्याकडं अखत्यार. त्याच धातूचा 'मुखत्यार': निवडलेला माणूस. मुखत्यारपत्र म्हणजे मी माझ्या जागी अमक्याला निवडलं आहे, याचा कागद.

मी शनिवारी त्या पोराला एवढंच विचारलं, "तुला किती रुपयांपर्यंत उधारी द्यायचा अधिकार आहे?"

तो गप्प.

"पाचशे?"

"वडिलांना विचारावं लागतं."

"एखाद्या पोत्याचा भाव दहा रुपयांनी सोडायचा झाला तर?"

"तेही विचारावं लागतं."

"चेकवर सही?"

"वडिलांचीच. आता डाव्या हाताचा अंगठा चालंल का म्हणून बँकेत विचारायलोत."

म्हणजे हुकूम होता, अखत्यार नव्हता. आणि हमालांना ते त्याच्याआधी कळलेलं होतं. हमाल, दिवाणजी, काउंटरचं पोरगं, ही माणसं दिवसभर हेच बघत असतात की शेवटचा शब्द कुणाचा. आपण त्यांना अडाणी समजतो. ज्याच्या हातात काहीच ठरवायचं नाही, त्याच्या सांगण्यावरून पोतं एका जागेवरून उचलून दुसरीकडं टाकायचं आणि मग मालकानं म्हणायचं "इथं का टाकलं?", हा फेरा त्यांच्या पाठीवर पडतो, तुमच्या-माझ्या नाही. मान वळवून गादीकडं बघण्यात अपमान नव्हता, हिशेब होता.

तेव्हा प्रश्न पोराच्या आवाजाचा नव्हताच. प्रश्न वडिलांचा होता. मी त्यांच्या घरी गेलो. हे मी सहसा करत नाही, पण इथं दोन माणसं एका खोलीत राहून एकमेकांशी दुकानाबद्दल बोलत नव्हती. वडील म्हणाले, "सर, सगळं त्याचंच हाय की. मी काय वर घेऊन जाणार हाव का?" सगळे वडील हेच म्हणतात, आणि चावी कमरेलाच असते. मी म्हणालो, "सगळं नका देऊ. एक गोष्ट द्या, पण पुरती द्या." बराच वेळ ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "उधारी द्यावी का? तिथंच तर बुडंल तो."

"बुडाला तर किती बुडंल?"

त्यांनी मनाशी हिशेब केला. तीस वर्षांचा माणूस, हिशेब चटकन झाला. एका शेतकऱ्यामागं पंधरा हजारांपर्यंतची उधारी पोरानं ठरवायची, त्यापुढची दोघांनी मिळून. आणि माझी एक अट: पोरानं 'हो' किंवा 'नाही' म्हटलं की गादीवरून ते फिरवायचं नाही. चुकलं असेल तर रात्री घरी बोलायचं. पोरालाही एक अट घातली. 'नाही' म्हणायच्या आधी दिवाणजींना विचारायचं, त्या माणसाचा मागच्या तीन हंगामांचा उतारा बघायचा आणि शेतकऱ्याला कारण तोंडावर सांगायचं. कलम ३३, दुकानापुरतं!

कागदाचंही थोडं सांगतो, कारण परळीत निम्मी दुकानं अशीच एका नावावर चालतात. मुखत्यारपत्र करून घेतलं की निश्चिंत, असा समज आहे. मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला, किंवा त्याचं मानसिक भान गेलं, की साधारणपणे मुखत्यारपत्र तिथंच संपतं. करार कायदा १८७२, कलम २०१. म्हणजे ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ते कामाचं राहत नाही. खताचा, बियाण्याचा परवाना, जीएसटी नोंदणी, बँकेचं चालू खातं, जागेचा भाडेकरार, या चारही ठिकाणी कुणाचं नाव आहे ते वडील हिंडते-फिरते असतानाच बघा. भागीदारी करायची, की धंदा पोराच्या नावावर घ्यायचा, हे वकील आणि सीए यांच्यासमोर बसून ठरवा, व्हिडिओ बघून नको. माझासुद्धा नको.

आता त्या दुकानाचं. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. पहिल्याच आठवड्यात पोरानं एका लांबच्या पाव्हण्याला भिडेखातर उधारी दिली, दिवाणजींनी नको म्हटलं असताना. ती अजून आलेली नाही. दिवाणजी हंगाम झाल्यावर गेले नाहीत. पण "थांबतो" असंही म्हणाले नाहीत, दिवाळीपर्यंत बघू म्हणतात. हमाल अजूनही मधूनच मान वळवतात, तीस वर्षांची सवय आहे.

मागच्या सोमवारी मी कामानिमित्त मोंढ्यात होतो, म्हणून त्यांच्याकडं डोकावलो. वडील गादीवर होते, पोरगा काउंटरला. एक ओळखीचा म्हातारा शेतकरी सरळ गादीपाशी आला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नेहमीसारखं म्हणाला, "मालक, दोन पोती पाहिजेत डीएपीची. पैसे सोयाबीन निघाल्यावर."

वडिलांनी डाव्या हातानं काउंटरकडं बोट केलं.

"तिकडं विचारा, पाटील. ते आता माझ्या अखत्यारीत नाही."

पुढच्या भागात 'जामीन' हा शब्द घेऊ. ज्यांनी कुणासाठी सही केली आहे, त्यांनी तो भाग चुकवू नका.